ठोक्याला तीन

माझा साडू आयुष्यभर उजव्या हाताने स्वतःचंच डावं मनगट धरून उभा राहिला. अनोळखी माणसाला वाटे, याला अटक झालेली आहे, पण पोलीस मिळाला नाही म्हणून हा स्वतःच स्वतःला चौकीवर घेऊन चालला आहे. कारखान्यात सगळे त्याला वैद्य म्हणत. औषधाशी त्याचा संबंध एवढाच, की दिलेलं औषध तो कधी घेत नसे.

कारखाना शोभेच्या दारूचा. आकाशात जाऊन फुटतात आणि रंगीत फुलं सांडतात, ते गोळे आम्ही बनवायचो. बुटक्या खोल्या एकमेकींपासून लांब बांधलेल्या, दोन खोल्यांच्या मधे मातीचा उंच बांध, म्हणजे एक उडाली तर दुसरीने फक्त ऐकायचं. आत लोखंडाला बंदी. चमचे लाकडाचे, चाळण्या पितळेच्या, पायांत कापडी चपला. मी गेटवर होतो. आत जाणाऱ्याच्या किल्ल्या, काडेपेटी, फोन आणि घड्याळ काढून घ्यायचं आणि माझ्या पाठीमागच्या लाकडी खणांत ठेवायचं, हे माझं काम. मॅनेजरपासून झाडूवालीपर्यंत कोणाला सूट नाही. दिवसभर माझ्या मागे साठसत्तर घड्याळं टिकटिकत असायची, आणि कुंपणाच्या आत एकालाही किती वाजले ते ठाऊक नसायचं. भोंगा झाला की जेवायचं, भोंगा झाला की घरी जायचं.

आता यातली गंमत बघा. वैद्याचं काम नेमकं वेळ मोजण्याचं.

गोळ्याच्या पोटात बोराएवढ्या गोल वड्या भरलेल्या असतात. त्यांना आम्ही तारे म्हणायचो. साधा तारा एकदा पेटला की विझेपर्यंत सरळ जळतो, शहाण्या जावयासारखा. लुकलुका तारा तसा नाही. तो भक्कन चमकतो, मेल्यासारखा काळा पडतो, पुन्हा भक्कन चमकतो, आणि असं करत करत खाली येतो. आत ना बटण, ना वायर, ना बॅटरी. कालवून वाळवलेली भुकटी, दुसरं काही नाही. मग त्याला थांब आणि चमक असं सांगतं कोण? मी चौथी शिकलेला माणूस. हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून छळत होता, आणि त्याचं उत्तर वैद्याने मला माझ्याच नाकावर बोट ठेवून समजावलं.

शिंक कशी येते, त्याने विचारलं. आधी आत नुसतं हुळहुळतं. बाहेर काही दिसत नाही, पण तयारी चालू असते. हुळहुळ चढत चढत एका टोकाला पोचली की मग साक्षात सासरे समोर बसलेले असोत, आवरता येत नाही. आणि एकदा शिंकलं की नाक रिकामं, पुन्हा हुळहुळीपासून सुरुवात. ताऱ्याच्या पोटात दोन आगी असतात. एक धुमसणारी, गरीब स्वभावाची. ती उजेड पाडत नाही, पण वरचा थर तापवत राहते. दुसरी धातूच्या भुकटीची, तापट डोक्याची. पण तिला भडकायला बरीच उष्णता लागते. पहिली तापवते, तापवते, आणि एका क्षणी दुसरी भडकते. ती चमक. भडक्यात तो थर उडून जातो, खालचा थर अजून गारच असतो, म्हणून अंधार. मग धुमसणारी बिचारी पुन्हा कामाला लागते. अशी ती वडी थराथराने शिंकत संपते. कारखाना पाहायला आलेल्या मोठ्या साहेबांनाही तो हेच सांगायचा, नाक दाखवून. एक साहेब ते वहीत उतरवून घेत होते. त्यांच्या अहवालात नाक गेलं की नाही, कळलं नाही.

खरी मेख वेगात आहे. फार भरभर चमकला तर तारा लुकलुकत नाही, बिघडलेल्या ट्यूबलाईटसारखा थरथरतो. फार सावकाश चमकला तर दोनदा डोळा मारून जमिनीवर येतो. म्हणून दर लॉटमधला एक तारा विटांच्या काळ्या बोगद्यात पेटवून चमका मोजायच्या. पण कशाने? घड्याळं माझ्या खणांत. मग वैद्याने नोकरीच्या पहिल्याच वर्षी स्वतःची नाडी धरली आणि नियम ठरवला: ठोक्याला तीन. नाडीच्या एका ठोक्यात तीन चमका पडल्या की लॉट पास, खाली त्याची सही. एकतीस वर्षं आमच्या कारखान्याचं अधिकृत घड्याळ त्याच्या मनगटात होतं आणि त्याला चावी द्यावी लागत नव्हती.

तो ते घड्याळ जपायचाही तसाच. तपासणी मंगळवारी आणि शुक्रवारी. त्या दिवशी चहा बंद, जिना बंद, आणि भांडण बंद. माझी मेहुणी, म्हणजे त्याची बायको, सोमवारी सुरू झालेलं भांडण अर्ध्यात थांबवून बुधवारी जिथे सोडलं तिथूनच पुढे चालू करायची, एक शब्द गाळायची नाही. मागे एका मॅनेजरने त्याच्यासाठी वाळूचं घड्याळ आणलं. तिसऱ्या दिवशी ते वैद्याच्या कोपराने पडलं. कोपर चुकून लागलं असं त्याने मला शपथेवर सांगितलं, आणि शपथ माझी घेतली.

नोकरीची तीन वर्षं उरली होती तेव्हा तारे आळशी झाले.

निदान वैद्याचं म्हणणं तसं. ठोक्याला तीन मिळायच्या त्या अडीचवर आल्या, मग त्याच्याही खाली. त्याने आधी भुकटी पाठवणाऱ्याला शिव्या घातल्या, मग हवेला, मग चाळणीवर बसणाऱ्या बायकांना. त्या बायका ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. त्यांच्यातली सगळ्यात जुनी म्हणाली की चाळणी तीच आहे, हात तेच आहेत, एवढ्यात फक्त वैद्याची जीभ बदलली आहे. शेवटी त्याने मिश्रणात स्वतः हात घातला, भुकटीची जाडी बदलली, प्रमाण हलवलं, आणि तारे पळवून पळवून पुन्हा ठोक्याला तीनवर आणले. सही केली. पेट्या गेल्या.

पेट्या परत आल्या. गिऱ्हाइकाचं पत्र होतं की आकाशात शेकडो तारे लुकलुकायचे ते नुसते थरथरले आणि लोकांना वाटलं कुठेतरी वायर सैल आहे. एकतीस वर्षांत वैद्याच्या सहीचा एक लॉट परत आला नव्हता. त्याने गिऱ्हाइकाचे डोळे तपासायला हवेत असं जाहीर केलं आणि पुढचा लॉट तसाच बनवला. तोही परत आला.

कारखान्यात तेव्हा एक केमिस्टबाई नव्या लागल्या होत्या. तरुण, बारीक, केसांत दहा-बारा लोखंडी चिमटे. ते रोज माझ्याकडे काढून द्यावे लागत, म्हणून कारखान्यात त्या कायम झोपेतून उठल्यासारख्या दिसत. त्यांची खोली कुंपणाबाहेर होती, आणि खिडकी बरोबर बोगद्याच्या तोंडासमोर. तिथून त्या वर्षभर प्रत्येक तारा कॅमेऱ्यात टिपत होत्या. कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारतही नव्हतं. त्यांनी वैद्याला एकदा सांगून पाहिलं की काका, तुमचे तारे हल्ली फार वेगाने चाललेत. वैद्य म्हणाला, मॅडम, तुमचा कॅमेरा वेगाने चाललाय. दोघांत संवाद म्हणायचा तर तेवढाच.

दुसऱ्या लॉटनंतर मॅनेजरने वैद्याला बोलावून घेतलं. तिसरा लॉट जुन्या, कागदावरच्या मिश्रणाने बनेल, त्याला कोणी हात लावायचा नाही. वैद्याने फक्त तपासून पास किंवा नापास लिहायचं. नापास केला, तर तपासणी केमिस्टबाईंकडे जाईल आणि वैद्य उरलेली दोन वर्षं पॅकिंगच्या खोलीत लेबलं चिकटवेल. वैद्याला घरी बसवलं असतं तरी चाललं असतं, पण लेबलं नको होती. आणि पास करायचा, तर जो तारा त्याच्या नाडीला आळशी वाटतोय त्याच्याखाली सही करायची. खोटी सही त्याने कधी केली नव्हती. लग्नाच्या नोंदणीतसुद्धा त्याने वय खरं लिहिलं होतं आणि त्यावरून सासऱ्यांशी वाजलं होतं.

घरी त्याची दशा वेगळीच. दोन माणसांचं जेवायचा आणि वाळत चालला होता. पट्ट्याला आरीने एकामागून एक भोकं पाडत होता. सगळे पांघरूण ओढून बसलेले असताना याला पंखा लागायचा. चहाची बशी हातात घेतली की ती वाजायची. भांडण तर मंगळवार-शुक्रवारलाही चालू झालं, आणि तेही हा सुरू करायचा. मेहुणी माझ्या बायकोकडे येऊन रडली. बायकोने मला विचारलं, तुमच्या साडूला झालंय काय. मी ठरवलं, वय झालंय. मेहुणीने ठरवलं, लॉटची काळजी. वैद्याने ठरवलं, आम्ही सगळे मूर्ख. एकानेही डॉक्टरचं नाव काढलं नाही.

तिसऱ्या लॉटचा दिवस आला. केमिस्टबाई सकाळीच गेटवर उभ्या. घड्याळ काढलं, फोन काढला, चिमटे एकेक करून माझ्या हातावर ठेवले. आज खिडकीतून बघणार नाही, बोगद्यात काकांच्या शेजारी उभी राहणार आहे, म्हणाल्या. हातात नमुन्यांच्या खोलीतली एक लहान डबी होती. आमच्याकडे नियम होता की प्रत्येक लॉटचे दोन तारे डबीत घालून, वर तपासणाऱ्याची सही करून, वर्षानुवर्षं ठेवायचे. मला वाटलं बाई वैद्याची उरलीसुरली जिरवायला चालल्यात. माझं काम गेटचं, मी आत सोडलं.

पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, आणि नवल म्हणजे जुळलं. वैद्याने नवा तारा पेटवला, मनगट धरून मोजलं. ठोक्याला दोनसुद्धा नाहीत. आळशी, म्हणाला, आणि पेन उघडलं. बाईंनी त्याच्यापुढे डबी धरली आणि वरची सही कोणाची ते विचारलं. सही त्याचीच, सात वर्षांपूर्वीची. तो लॉट कसा होता, बाईंनी विचारलं. वैद्याचा चेहरा खुलला. त्या लॉटसाठी गिऱ्हाइकाने आभाराचं पत्र पाठवलं होतं. मग हा पेटवू या, बाई म्हणाल्या.

पेटवला. वैद्याने मोजलं. ठोक्याला दोनसुद्धा नाहीत.

तारा विझला तरी तो त्या काळ्या बोगद्याकडे बघत राहिला. डबीत बंद तारा आळशी होतो का, त्याने विचारलं. कोरडा ठेवला तर होत नाही, बाई म्हणाल्या. हे त्यालाही ठाऊक होतं.

"मग तेव्हाही मी खोटीच सही केली म्हणायची," तो म्हणाला. "सात वर्षांपूर्वी. आणि त्याच्या आधीही असेल."

बाईंनी आपला हात पुढे केला. त्यांच्याही उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर होती.

"मीपण मोजलं, काका. तुमच्याच पद्धतीने. मला दोन्ही ताऱ्यांचे तीन आले."

भर कामाच्या वेळी दोघं गेटवर आली. वैद्याला धाप लागलेली, कपाळ घामाने भिजलेलं. मला म्हणाला, साडूभाऊ, घड्याळ द्या. एकतीस वर्षांत त्याने माझ्याकडे हे मागितलं नव्हतं. कोणाचं देऊ, मी विचारलं. कोणाचंही द्या, म्हणाला. मी वरच्या खणातलं चाळणीवालीचं नाजूक घड्याळ काढून दिलं. बाईंनी त्याचं मनगट धरलं आणि मिनिटभर आम्ही तिघं त्या इवल्या काट्याकडे बघत उभे राहिलो. एकशे बत्तीस.

बायकांची घड्याळं मागे पडतात, वैद्य म्हणाला. मी मॅनेजरचं काढलं. एकशे तीस. हे महागडं आहे, म्हणून दाखवायलाच आणतो, वैद्य म्हणाला. मी तिसरं काढलं, चौथं काढलं. मलाही चेव आला होता. नियमाप्रमाणे परक्या घड्याळाला हात लावला म्हणून मला घरी बसवता आलं असतं, पण तेव्हा ते सुचतंय कोणाला? अकरा घड्याळं झाली. अकराही घड्याळं एका बाजूला आणि माझा साडू एका बाजूला. मग बाईंनी माझी नाडी पाहिली, शहात्तर. त्यांची स्वतःची बहात्तर. वैद्य माझ्या स्टुलावर बसला. किती तरी वेळ तो आपलं मनगट असं बघत होता, जसं दुकानदार वजनाचा दगड उलटा करून बघतो.

"म्हणजे तारे बरोबर होते," तो म्हणाला.

"तारे बरोबर होते," बाई म्हणाल्या. "आता दवाखान्यात चला."

माणसाची नाडी एकशे तीस धावते आहे आणि याचा जीव ताऱ्यात. तिथेच त्याने बाईंच्या हातातलं तपासणीचं रजिस्टर घेतलं, सरळ पास लिहिलं, आणि सहीच्या शेजारी लिहिलं की मोजणी बाईंची, माझी नाडी नादुरुस्त. मगच उठला.

डॉक्टरने त्याचा गळा चाचपला, हात पुढे करायला लावले, त्यावर कागद ठेवून तो थरथरतो का ते पाहिलं. गळ्यात फुलपाखराएवढी एक ग्रंथी असते, ती जास्तीचं काम करायला लागली होती. म्हणून नाडी पळत होती, म्हणून घाम, म्हणून भूक, म्हणून वाळणं, म्हणून भांडणं. मेहुणीने हे ऐकलं आणि भांडणं त्यातून वगळायला सांगितली. ती त्याच्या आधीचीही होती, म्हणाली. डॉक्टरने विचारलं, हे किती दिवस चाललंय. आजपासूनच, वैद्य म्हणाला.

तेव्हा बाईंनी आपली वही आणि वैद्याचं तपासणीचं रजिस्टर शेजारी शेजारी ठेवलं. कॅमेऱ्यावरून त्यांना प्रत्येक ताऱ्याच्या सेकंदाला किती चमका ते ठाऊक. रजिस्टरमध्ये त्याच ताऱ्याच्या ठोक्याला किती चमका ते वैद्याच्या हातचं लिहिलेलं. पहिल्याला दुसऱ्याने भागून साठने गुणलं की त्या दिवशीची नाडी निघते. बाईंनी तिथल्या तिथे चौदा महिन्यांची यादी करून दिली. आधी एकाहत्तर, मग अठ्ठ्याऐंशी, मग पहिला लॉट परत आला तेव्हाची एकशे दहा, आणि पुढे. डॉक्टर चष्मा वर करून यादी वाचत राहिले. रोगी विचारलेल्या दिवसाची तारीखसुद्धा धड सांगत नाहीत, आणि याने वर्षभर मंगळवारी-शुक्रवारी आपल्या छातीची नोंद ठेवून वर सही केली आहे, असं म्हणाले. वैद्याला त्यात फक्त सहीचं कौतुक ऐकू आलं.

गोळ्या सुरू झाल्या. औषध न घेणारा माणूस, पण मेहुणी समोर उभी राहून तोंड उघडायला लावायची आणि जीभ वर करून बघायची. मॅनेजरने मात्र हात थरथरणाऱ्या माणसाला भुकटीजवळ जाऊ देता येणार नाही असं सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. म्हणजे टाळायचं ते टळलं नाही. वैद्य चार महिने लेबलं चिकटवत बसला. ती इतकी वाकडी लागायची की गिऱ्हाइकाला पेटी तिरकी धरून वाचावी लागे. तिसरा लॉट मात्र परत आला नाही. आली ती चौथ्याची मागणी.

बरा होऊन, नाडी बहात्तरवर आणून तो मॅनेजरपुढे उभा राहिला तेव्हा मॅनेजर म्हणाला, तुम्ही बसा आरामात, आता कॅमेरा मोजतो. मला वाटलं, आता वैद्य भडकणार. पण त्याने मान हलवली. नाडीने एकदा फसवलं, आता तिच्या भरवशावर मीच लॉट सोडणार नाही, म्हणाला. आकडा बाईंचाच असू दे. फक्त तुम्ही माझ्याबरोबर बोगद्यापर्यंत या.

तिथे त्याने दोन तारे पेटवायला लावले, एकामागून एक. हातांना काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. आधी खिशात घातले, मग मागे बांधले. बाईंनी खिडकीतून ओरडून आकडा सांगितला: दोन्ही साडेतीन.

"दोन्ही साडेतीन," वैद्य मॅनेजरला म्हणाला. "आता सांगा, कोणता विकाल?"

पहिला, मॅनेजर म्हणाला. का, ते त्याला सांगता येईना. दुसरा मधेमधे पुरता विझत नव्हता. दोन चमकांच्या मधे विस्तवाचा लालसर ठिपका राहत होता, म्हणून तो गबाळा वाटत होता. चमका तेवढ्याच, पण अंधार नीट पडत नव्हता. वैद्य म्हणाला, बाई चमका मोजतील, मला अंधार बघू द्या. मॅनेजरने ऑफिसात जाऊन रजिस्टरमध्ये पट्टीने एक नवीन रकाना आखला आणि वर लिहिलं, दिसायला कसा.

उरलेलं दीड वर्ष वैद्याने तो रकाना भरला. मॅनेजर दर शनिवारी त्यातलं निम्मं खोडायचा. 'नवरदेवासारखा, घाई फार' हे खोडलं. 'डोळा किलकिला ठेवून झोपतो' हे ठेवलं. 'मॅनेजरसारखा, उजेड थोडा, धूर जास्त' हे दोनदा खोडलं, तरी उन्हात धरलं की वाचता यायचं. बाईंनी पहिल्या महिन्यात त्याला सभ्य भाषेत लिहायला सुचवलं. दुसऱ्या महिन्यापासून त्या शनिवारच्या आत रजिस्टर वाचायला मागू लागल्या.

शेवटच्या शुक्रवारचा तारा मी पाहिला. मॅनेजरने मला गेट सोडून यायची परवानगी दिली होती. मी माझी काडेपेटी मीच माझ्या खणात ठेवली आणि आत गेलो. बोगद्यात तारा चमकला, आणि मग असा काळा झाला की पुढची चमक येईपर्यंत माझाच श्वास अडकला. विझल्यावर वैद्याने विचारलं नाही, किती. रजिस्टर मांडीवर घेतलं आणि लिहिलं, अंधार चोख. बाईंनी शेजारी आकडा घातला, दोघांनी सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, आणि मॅनेजरने काही खोडलं नाही.